जुनेराचे दप्तर

महाराष्ट्राच्या गेल्या तीन शतकांचा वृत्तांत धुंडाळणाऱ्या अभ्यासकास कागदांची वाण कधी पडली नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे सहस्रावधी रुमाल बांधून ठेवलेले आहेत; त्यांतून निवड करून रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड सिद्ध केले, आणि तरीही न वाचलेल्या कागदांचा साठा वाचलेल्यांहून कितीतरी मोठाच राहिला. या कागदांत कापडाचा उल्लेख पदोपदी येतो. कोणा सरदारास शालजोडी मिळाली, कोणा शास्त्र्यास धोतरजोडा पावला, जामदारखान्यात मंदील, शेले, किनखाब किती आले आणि किती खर्ची पडले, हे सारे कारकुनांनी नेकीने टिपून ठेवलेले असते. परंतु कापड एकदा खर्ची पडले की त्याच्यापुरती लेखणी थांबते. ते पुढे कोणी नेसले, कोठे विरले, विरल्यावर त्याचे काय झाले, याची नोंद ठेवण्याचे कोणत्याही फडणिसास कारण नव्हते. आणि तेथूनच त्या कापडाचे दुसरे, अधिक दीर्घ आयुष्य सुरू होत असे, ज्याची सूत्रे घरातील बायकांच्या हाती असत.

या दुसऱ्या आयुष्याचे दप्तर म्हणजे गोधडी. कोणी तिला वाकळ म्हणतात, कर्नाटकाच्या सीमेवर कौदी म्हणतात. तिच्याविषयी पुष्कळदा हळवेपणाने लिहिले जाते, आणि तो हळवेपणा खोटा नसतो; तथापि ती इतिहासाचे एक साधन आहे, आणि साधनाकडे ज्या काटेकोरपणे पाहावे त्या काटेकोरपणे तिच्याकडे क्वचितच पाहिले गेले आहे. माझे प्रतिपादन थोडक्यात असे की गोधडीतील थर काळाचा क्रम सांगतात आणि तिच्यातील तुकड्याचा आकार कापडाची महागाई सांगतो. जेथे हाताच्या चार बोटांएवढी चिंधीही जपून, कडा दुमडून, टाक्याने बसवलेली आढळते, तेथे कापड दुर्मिळ होते असे समजावे. जेथे अखंड लुगडी घडी करून आत घातलेली आढळतात, तेथे ते स्वस्त झाले होते असे समजावे.

हातमागाच्या काळात लुगडे ही घरातील एक मोठी खरेदी असे. नऊवारी लुगडे प्रथम सणावारी नेसावयाचे, त्याची नवलाई ओसरली की रोजच्या वापरात घ्यावयाचे, आणि रोजच्या उठण्याबसण्याचा ताण ज्या मधल्या भागावर पडतो तो भाग आधी विरून काठ नि पदर मात्र धड राहिले, म्हणजे विरलेली पट्टी कापून काढून उरलेल्या दोन बाजू एकमेकींस जोडावयाच्या, असा क्रम होता. यालाच दंड घालणे म्हणत. दंड घातलेले लुगडे हे ओढगस्तीचे लक्षण खरे, पण ते नेटकेपणाचेही लक्षण मानले जाई. दंडानेही भागेना, म्हणजे लुगड्याचे जुनेर होई. जुनेरातून मुलीचा परकर निघे, तान्ह्याची बाळोती निघत, दूध गाळावयास फडके निघे, अगदी शेवटी दिव्याची वात आणि चुलीजवळचे पोतेरे निघे. आणि या सर्वांना पुरून जे उरे, त्यातील निवडक भाग गोधडीसाठी गाठोड्यात बांधून उतरंडीमागे किंवा माळ्यावर ठेवला जाई. हे गाठोडे म्हणजे घरातील बेगमीचाच एक प्रकार होता. धान्याची बेगमी पावसाळ्यासाठी, चिंध्यांची हिवाळ्यासाठी.

तुकडे जोडून वस्त्र सिद्ध करण्याची फार जुनी हकीकत पाली विनयपिटकातील महावग्गात आहे. दक्षिणागिरीकडे जाताना भगवान बुद्धांनी मगधातील बांधबंदिस्तीची, आखीव चौकोनांची शेते पाहिली आणि भिक्षूंचे चीवर तसे करता येईल काय, असे आनंदास विचारले. आनंदाने कापडाचे लहानमोठे तुकडे शिवणीने जोडून तसे चीवर करून दाखविले, आणि तेव्हापासून भिक्षूने कापलेल्या तुकड्यांचे वस्त्र पांघरावे असा दंडक पडला. या दंडकामागे व्यवहारदृष्टी होती: अखंड वस्त्रास बाजारात किंमत येते, कापलेल्या वस्त्राचा लोभ कोणास होत नाही.

या दंडकाचा आपल्या भूमीशी संबंध शिलालेखात कोरलेला आहे. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात याचा जो लेख आहे, त्यात त्याने गोवर्धन येथील विणकऱ्यांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापणांची अक्षय्य ठेव ठेवल्याची नोंद आहे. त्यांपैकी २,००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक या व्याजाने. १,००० दुसरीकडे, शेकडा पाऊण या व्याजाने. पहिल्या रकमेच्या व्याजातून त्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे. हिशोब करून पाहिला म्हणजे तो चोख उतरतो: २,००० वर दरमहा २० प्रमाणे वर्षाचे व्याज २४०, आणि वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा म्हणजे तेही २४०. कापड विणणाऱ्यांकडेच ठेवलेल्या मुद्दलाच्या व्याजातून कापड घ्यावयाचे, आणि ते कापड पुन्हा विनयाच्या नियमाने कापून जोडावयाचे, ही व्यवस्था सुमारे १,९०० वर्षांपूर्वी नाशकात चालू होती. गोधडी या व्यवस्थेतून उत्पन्न झाली असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. शिवण आणि चिंधी जेथे आहेत तेथे जोडकाम आपोआप संभवते. परंतु जोडलेल्या वस्त्रास हीनपणाखेरीज दुसराही अर्थ असू शकतो, ही जाणीव या मातीत किती खोल गेलेली आहे, ते या लेखावरून ध्यानात यावे.

तीच जाणीव पुढे जोगी-बैराग्यांच्या कंथेत दिसते, आणि वारकरी परंपरेत तर ती एका कथेचे रूप घेते. महीपतींनी १७६२ साली पुऱ्या केलेल्या भक्तविजयात जनाबाईची जी हकीकत सांगितली आहे, तीत पांडुरंग रात्री जनीच्या झोपडीत विसावतात आणि पहाटेच्या घाईत आपले रत्नपदक तेथेच विसरून तिची वाकळ पांघरून राउळात परततात. पुजाऱ्यांस देवाचे पदक दिसत नाही. चोरीचा आळ जनीवर येतो. तिला सुळाकडे नेतात आणि सुळाचे पाणी होते. भाविकास या कथेत जे दिसते ते दिसतेच. इतिहासाच्या अभ्यासकास तिच्यात आणखीही एक गोष्ट दिसावी. देवाच्या अंगावर वाकळ आहे एवढे म्हणताच ती कोणत्या घरातून आली असेल हे श्रोत्यास उमगते, कथेस अधिक स्पष्टीकरण लागत नाही. याचा अर्थ असा की अठराव्या शतकाच्या मध्यास वाकळ ही दासीच्या, कष्टकऱ्याच्या बिछान्याची सर्वपरिचित खूण होऊन बसली होती. मोलस्वर्थच्या कोशात गोधडी आणि वाकळ हे दोन्ही शब्द येतात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोशकारांच्या मदतनीस शास्त्र्यांनाही ते नित्याचे होते.

मग इतक्या जुन्या आणि इतक्या सार्वत्रिक वस्तूचे शे-दोनशे वर्षांपूर्वीचे नमुने आपणास सहजी का पाहावयास मिळत नाहीत? याचे उत्तर वस्तूच्या स्वभावातच आहे. गोधडी वापरून संपविण्यासाठीच शिवली जाई. अंबेजोगाईच्या दासोपंतांची पासोडी येथे तुलनेस घेण्यासारखी आहे. दासोपंतांचा काळ १५५१ ते १६१५ हा. पंचीकरणाचा वेदान्तविषय त्यांनी सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा कापडावर ओव्या आणि आकृत्यांसह लिहिला, आणि ते कापड चारशे वर्षे जतन झाले. पासोडी हेही अंगावर घ्यावयाचेच कापड. पुण्याच्या बुधवार पेठेतील पासोड्या विठोबास ते नाव पडले तेही जवळच पासोड्या विकल्या जात म्हणून, असे सांगतात. अशा असंख्य पासोड्या विणल्या गेल्या, पांघरल्या गेल्या आणि चिंध्या होऊन गेल्या. एक राहिली, कारण तिच्यावर अक्षरे होती. ज्या वस्त्रांवर केवळ टाके होते, त्यांना जपून ठेवण्याचे कोणास सुचले नाही.

पांघरुणांचीही एक श्रेणीव्यवस्था होती. श्रीमंताच्या वाड्यात फरासखान्याकडे गाद्या, गिरद्या, लोड आणि तक्क्ये असत; निजावयास कापूस भरलेली रजई किंवा तलम दुलई असे. धनगरी घोंगडी पावसापासून बचाव करी आणि ती विकत घ्यावी लागे. गोधडी या दोहोंच्या मध्ये आणि दोहोंहून वेगळी. इंग्रजी अमलातील १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात जातवार वर्णने देताना घरातील चीजवस्तूंची याद दिलेली असते, आणि तीत भांडी, खाटा, पाळणे, घोंगड्या यांच्या बरोबरीने शिवलेली पांघरुणेही येऊन जातात; मात्र ती कशी झाली, कोणी केली, कशातून केली, याबद्दल त्या चौकस अंमलदारांनाही विचारावेसे वाटले नाही. कापूस भरलेल्या रजईचे एक मोठे गैरसोयीचे अंग असे की ती धुता येत नाही, आणि काही वर्षांनी आतला कापूस गोळा झाला म्हणजे पिंजाऱ्याला बोलावून तो पुन्हा पिंजून घ्यावा लागतो. गोधडीस पिंजारी लागत नाही. ती नदीवर नेऊन बडवता येते. नवरात्राच्या घटस्थापनेपूर्वी गावोगावच्या बायका घरातील यच्चयावत अंथरुणे-पांघरुणे ओढ्याकाठी नेऊन धुतात, आणि दोघींनी दोन टोके धरून पिळल्याखेरीज भिजलेली गोधडी आटोक्यात येत नाही. धुता येणे, दुरुस्त करता येणे आणि विकत घ्यावी न लागणे या तीन गुणांवर तिने रजईशी शतकानुशतके सामना दिला.

ती शिवण्याची रीत मी येथे थोडी सविस्तर देतो, कारण रीतीतच तिचा इतिहास साठलेला आहे. वेळ बहुधा उन्हाळ्याची, सुगी उरकलेली आणि पाऊस यावयाचा. सारवलेल्या कोरड्या जमिनीवर तळाचे लुगडे ताणून पसरावयाचे आणि कोपऱ्यांवर वजने ठेवावयाची. त्यावर जुन्या कापडाचा भर घालावयाचा. धोतराचे पान, सदऱ्याची पाठ, फाटक्या चादरीचा धड कोपरा असे जे मिळेल ते, परंतु एकावर एक अशा बेताने की कोठे उंचवटा येऊ नये आणि कोठे पोकळी राहू नये. हा बेत दिसावयास सोपा आणि करावयास कठीण असतो. शिवणाऱ्या बाईचे कसब तिच्या टाक्याआधी तिच्या भरात कळते, कारण भर असमान पडला तर गोधडी धुतल्यावर एकीकडे ओढते आणि तिचा चौकोन कायमचा बिघडतो. भरावर वरचे कापड. ते एका लुगड्याचे असले तर उत्तम. नसले तर तुकडे जोडून केलेले. मग चारी कडा आत दुमडून कडेने पहिला धावदोरा घालावयाचा, आणि तेथून चौकोनात चौकोन काढीत आत आत सरकावयाचे. कड आधी बांधली गेली की भरातील चिंध्या बाहेर सरकत नाहीत, हे त्यामागचे कारण. वरून सुई टोचणारा उजवा हात आणि थराखाली तिचे टोक चाचपणारा डावा हात यांचा मेळ बसला म्हणजे टाके एकसारखे पडू लागतात. बोटात अंगुस्तान असले तर बरे, नसले तर बोटाचे कातडेच निबर होते. चारी बाजूंस चौघी बसल्या तर काम चौपट वेगाने होते, पण चौघींचे टाके सारखे नसतात, आणि जाणत्या बाईस एखाद्या गोधडीची कोणती बाजू कोणी शिवली ते पुढे कित्येक वर्षे ओळखता येते.

धावदोऱ्याने कापड किंचित आवळले जाते आणि पृष्ठभागावर बारीक सुरकुत्या उठतात. या सुरकुत्या शोभेसाठी आहेत असे समजणे चूक होय. त्यांच्यात आणि थराथरांत हवा अडकते, आणि गोधडीची ऊब येते ती मुख्यतः या अडकलेल्या हवेतून. टाके जितके दाट तितकी चिंधी जागेवर घट्ट. पण फार दाट झाले तर थर दाबले जाऊन ऊब कमी होते आणि गोधडी कडक होते. हा मध्य कोठे आहे, ते कोणत्याही पुस्तकाने शिकविले नाही. ते सासूने सुनेस आणि आईने लेकीस शेजारी बसवून शिकविले.

यापुढची गोष्ट इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची. वरचे कापड झिजले म्हणून गोधडी टाकून देत नसत. तिच्यावर नवे जुनेर चढवून ती पुन्हा शिवीत. जुनी गोधडी नवीच्या पोटात जाई. असे दोनदा-तीनदा झालेली गोधडी उसवली तर वरून खाली जाताना आपण एका घराच्या वस्त्रसंभारातून मागे मागे जात असतो. वर मिलच्या पातळाचा छापील तुकडा, त्याखाली हातमागाच्या लुगड्याचा जाड काठ, त्याखाली आणखी जुने, रंग उडालेले सूत. सरकारी दप्तरात एका कागदावर दुसरा कागद चढत गेला तसाच हा चढत गेलेला असतो, फक्त येथे तारीख घालणारा कोणी नसतो. सुताचा पीळ, काठाची वीण आणि रंगाची जात यांवरूनच काळ ठरवावा लागतो.

आता खऱ्या लहान तुकड्यांच्या कामाकडे वळतो. मोठ्यांच्या गोधडीत लहान चिंधी बहुधा भरात जाई, वरती क्वचितच येई. तिचे स्वतंत्र राज्य होते ते बाळाच्या दुपट्यात. दुपटे आकाराने लहान, त्यास कापड थोडे लागे, आणि ते करावयास वेळ मात्र गर्भारपणाचे महिने मिळत. शिंप्याच्या दुकानातून कातरण मागून आणावयाचे, चोळीच्या खणातून उरलेले तिकोनी कोपरे जपून ठेवावयाचे, छिटाचे, खादीचे, रेशमी काठाचे तुकडे रंगांप्रमाणे लावून पाहावयाचे, आणि मग त्यांचे चौकोन किंवा त्रिकोण करून आधी पट्ट्या आणि पट्ट्यांचा पट अशा क्रमाने जोडावयाचे. तुकडा जितका लहान तितकी शिवणीत दुमडून जाणारी कड प्रमाणाने मोठी. दोन बोटांच्या चौकोनातील जवळजवळ निम्मे कापड मागे लपून जाते. म्हणजे हे काम कापडाची काटकसर करते असे वरवर वाटले, तरी वस्तुतः ते कापडाच्या मोबदल्यात श्रम उधळते. ज्या काळी स्त्रीच्या दुपारची किंमत कोणी धरीत नसे आणि वीतभर रेशमाची मात्र धरीत, त्या काळाचा जमाखर्च या दुपट्यांत स्पष्ट लिहिलेला आहे.

परंतु एवढ्याच अर्थशास्त्राने दुपट्याचा उलगडा होत नाही. तान्ह्याच्या अंगास नवे, खळीचे कापड टोचते, म्हणून त्यास धुऊन धुऊन मऊ झालेले जुनेर वापरावे, हा अनुभव. आणि नव्याची दृष्ट लागते, हा समज. ज्या घरात मुले जगत नसत तेथे लेकराला दृष्ट किंवा मृत्यू यांच्या नजरेतून उतरविण्यासाठी त्याला मुद्दाम क्षुद्र नाव ठेवीत. भिकू, धोंडू, उकिरडा यांच्या पंक्तीतच चिंधू हे नाव बसते. कवडीमोलाच्या वस्तूचे नाव दिले म्हणजे मूल वाचेल, ही श्रद्धा. ज्या समाजात अर्भकमृत्यू घरोघर होता, त्या समाजातील आईने शेकडो चिंध्या जोडून केलेले दुपटे पाहताना ही गोष्ट विसरून चालणार नाही. तिच्यापाशी औषध नव्हते, सुई होती.

विसाव्या शतकात याच चिंधीचा एक निराळा, सार्वजनिक अर्थ महाराष्ट्राने पाहिला. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले डेबूजी, म्हणजेच गाडगेबाबा, नाना रंगांच्या चिंध्या जोडलेले वस्त्र अंगावर घेऊन, डोक्यावर मडक्याचे खापर ठेवून, हाती झाडू घेऊन गावोगाव फिरले. लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत, चिंधेबुवाही म्हणत. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे त्यांच्या प्रेरणेने धर्मशाळा उभ्या राहिल्या, तेथे सहस्रावधी यात्रेकरूंची सोय झाली, आणि १९५६ साली देह ठेवीपर्यंत त्यांच्या अंगावरचे वस्त्र बदलले नाही. जुन्या कंथाधारी जोग्याने चिंधी पांघरली ती संसारापासून दूर होण्यासाठी. गाडगेबाबांनी ती पांघरली ती संसारातल्या सर्वांत खालच्या माणसाजवळ जाण्यासाठी. माझ्या मते चिंधीच्या इतिहासातील हे सर्वांत मोठे परिवर्तन होय.

इकडे कापडाच्या बाजारात निराळी स्थित्यंतरे चालली होती. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत सूत आणि कापड गिरणीची कंपनी काढली. पुढील अर्धशतकात मुंबई, सोलापूर, नागपूर येथे गिरण्यांची धुराडी उभी राहिली. हातमागाच्या तुलनेने गिरणीचे कापड स्वस्त आणि पातळ. ते लवकर विरे, म्हणून घरात जुनेराचा ओघ वाढला. शहरात बोहारीण दारावर येऊ लागली, आणि जुनी लुगडी देऊन भांडे घ्यावे की ठेवून गोधडी शिवावी, असा एक नवा विचार घरधनिणीपुढे उभा राहिला. पहिल्याने स्वयंपाकघर भरे, दुसऱ्याने अंथरूण. दोन्ही साधता येईल इतके जुनेर फार थोड्या घरांत असे.

हा ओघ दुसऱ्या महायुद्धात एकाएकी आटला. लष्कराच्या मागणीने बाजारातले कापड नाहीसे झाले, भाव भडकले, आणि जून १९४३ मध्ये हिंदुस्थान सरकारला कापड व सूत नियंत्रणाचा हुकूम काढावा लागला. गिरणीच्या कापडावर किमतीचा छाप आला, गरिबांसाठी जाडेभरडे स्टँडर्ड कापड आले, आणि ते मिळविण्यासाठी दुकानांपुढे रांगा लागल्या. अशा टंचाईत चिंधीचा मान आपोआपच वाढतो. आपल्याकडचाच हा न्याय आहे असे नाही. इंग्लंडात लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांच्या रक्षणासाठी १७२१ साली छापील सुती कापडाच्या वापरास कायद्याने बंदी झाली आणि ती १७७४ पर्यंत टिकली. त्या सुमारास तेथील बायकांनी ठिगळकामाच्या पलंगपोसांत जे इवलेसे छिटाचे तुकडे जपून बसविले, त्यांतील पुष्कळ छीट हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर रंगलेले होते. येथे दारिद्र्याने आणि तेथे बंदीने, पण परिणाम एकच: कापड दुर्लभ झाले की तुकडा लहान होतो.

याच कलेची एक स्वतंत्र शाखा उत्तर कानड्यात आहे, आणि मराठी वाचकास ती परकी वाटू नये. तो जिल्हा १८६२ पासून १९५६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या रानमाळांतून सिद्दी लोक राहतात. त्यांच्या पूर्वजांपैकी पुष्कळांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणले होते, आणि तेथून निसटून ते घाटावरच्या जंगलात वसले. ते कोकणी बोलतात, कानडी बोलतात, हल्याळकडे मराठीही बोलतात. त्यांच्या बायका शिवतात त्या पांघरुणास कवंद म्हणतात. कवंदात तुकडे आधी एकमेकांस जोडून पट करीत नाहीत. एका कोपऱ्यापासून आरंभ करून, तळच्या कापडावर एकेक तुकडा थेट ठेवीत, कडा दुमडीत, कडेकडेने फिरत मध्यापर्यंत येतात, आणि धावदोऱ्याच्या ओळी तुकड्यांवरून अखंड वाहत जातात. चार कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाच्या तिकोनी घड्या बसवितात. त्यांना फूल म्हणतात, आणि फुलांवाचून कवंद पुरे झाले असे त्या मानीत नाहीत. रंगांची त्यांची योजना आपल्या गोधडीहून धीट आहे. हिरव्याशेजारी तांबडा, तांबड्याशेजारी पिवळा, आणि मध्येच एखादा अनपेक्षित निळा तुकडा. ज्यांना मायभूमीतून काहीच बरोबर आणता आले नाही, त्यांनी परक्यांच्या टाकाऊ कापडातून स्वतःची म्हणून एक ओळखू येणारी कला घडविली, आणि ती आज त्यांच्या नावाने जगात ओळखली जाते, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

१९६० नंतरच्या काळाने गोधडीचे द्रव्यच पालटून टाकले. नायलॉन आणि टेरिलिन आले. पुढे १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईच्या गिरण्यांत जो संप झाला त्यानंतर अनेक गिरण्या पुन्हा पूर्ववत चालल्याच नाहीत, आणि मऊ सुती पातळाची जागा यंत्रमागाच्या कृत्रिम धाग्याच्या साडीने घेतली. कृत्रिम साडी विरत नाही, त्यामुळे तिचे जुनेर होत नाही. ती नुसती नकोशी होते. ती घाम टिपत नाही, थर एकमेकांवरून सरकतात, दोरा सैल पडतो. म्हणूनच आजच्या गोधडीत पाच-सहा साड्या अखंड घडी करून घालतात. चिंधी निवडण्याचे, भर समतोल घालण्याचे, वीतभर तुकडा कोठे बसेल याचा विचार करण्याचे कारणच उरले नाही. ऊसतोडीला निघालेल्या बैलगाडीवर किंवा वारकऱ्याच्या पाठीवरील वळकटीत आजही गोधडी असते. पण ती आता मोठ्या तुकड्यांची, हलकी, चकचकीत असते.

शहरांत भटक्या जमातींतील बायका घरोघर जाऊन मोलाने गोधड्या शिवून देतात. गिऱ्हाईक साड्या देते, त्या श्रम देतात. लहान तुकड्यांचे काम मात्र दुकानांसाठी पुन्हा होऊ लागले आहे. त्यासाठी नवे ठाणाचे कापड घेऊन त्याचे मुद्दाम चौकोन कापतात. त्यातील शिवण पुष्कळदा उत्कृष्ट असते, आणि त्यातून कष्टाचे पैसे शिवणाऱ्या बाईच्या हाती पडत असतील तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. तथापि साधन म्हणून त्या वस्तूची मातब्बरी वेगळी. तीत कोणाचे लुगडे नाही, कोणाचे धोतर नाही, आणि तुकडा लहान आहे तो कापड महाग म्हणून नव्हे, तर लहान तुकडा गिऱ्हाइकास आवडतो म्हणून.

जुन्या गोधड्या अजून काही घरांत आहेत. त्या संग्रहालयांकडे जातील तेव्हा त्यांच्याकडे केवळ नक्षी म्हणून पाहिले जाऊ नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. एक कड चार बोटे उसवून थर किती ते मोजावे. प्रत्येक थराचे सूत हाताचे की गिरणीचे, काठ कोणत्या वळणाचा, दोरा कशाचा, मागाहून चढविलेले कापड कोणते आणि मूळचे कोणते, हे क्रमाने लिहून ठेवावे, आणि मग कड पुन्हा त्याच छिद्रांतून शिवून टाकावी. याबरोबरच ती देणाऱ्या घरातील वडीलधाऱ्या बाईस शेजारी बसवून प्रत्येक तुकडा कोणाचा ते विचारून घ्यावे, कारण सूत आणि वीण यांवरून दशक सांगता येते, माणूस सांगता येत नाही. हे तुकडे पाहताक्षणी नावे घेऊ शकतील अशा बहुतेक स्त्रियांनी आज सत्तरी ओलांडली आहे. ही टिपणे करावयाची तर ती येत्या काही वर्षांतच करावी लागतील.